डावा पाना आणि निळी हवा

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत, किनाऱ्यावरच्या गावांत, जिथे कुठे तुम्ही बसला असाल तिथे जरा सरकून बसा आणि शेजारणीलाही बोलवा. आज आपण थट्टेविषयी बोलणार आहोत. कामावर नवं माणूस आलं की जुनी माणसं त्याची जी थट्टा करतात, तिच्याविषयी.

विषय निघाला तो असा. आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी बारावी झाली आणि उंबरगावकडच्या एका कंपनीत कामाला लागली. पहाटे उठायचं, भाकरी बांधायची, नाक्यावरून गाडी पकडायची. पहिल्याच दिवशी मशीनवरच्या एका जुन्या कामगाराने तिला सांगितलं, "स्टोअरमध्ये जा आणि डाव्या हाताचा पाना घेऊन ये." पोरगी गेली. स्टोअरवाला म्हणाला, "तो मेंटेनन्सवाल्यांनी नेलाय." मेंटेनन्सवाले म्हणाले, "गेटवर वॉचमनकडे ठेवलाय." वॉचमन म्हणाला, "तो साहेबांच्या केबिनमध्ये असतो." तिने केबिनचं दार वाजवलं. साहेब मीटिंगमध्ये होते, ते खेकसले. परत आली तर सगळं खातं हसत उभं. गुजराती आणि हिंदी तिला नीट कळत नव्हतं, पण "जंगलातून आलीय" एवढं कळलं.

पान्याला डावा-उजवा हात नसतो, बायांनो. तोच पाना दोन्ही हातांनी चालतो. नसलेली वस्तू आणायला तिला पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी पोरगी कामाला गेली नाही. आईला म्हणाली, पोटात दुखतंय. खरं कारण बाहेर यायला महिना लागला.

आम्ही ही गोष्ट बैठकीत बोललो तेव्हा दोन तट पडले. एक म्हणाली, "एवढ्याशा थट्टेने काय होतं? आमच्या वेळी याहून जास्त झालं." दुसरी म्हणाली, "तिची रोजी गेली, ही कसली थट्टा?" दोघींचंही बोलणं आम्हाला पटत होतं, म्हणून आम्ही ठरवलं की जिथे अशी थट्टा सगळ्यात जास्त चालते, तिथे ती कशी चालते ते बघू. शोधता शोधता आम्ही पोचलो थेट आकाशात. नव्यांची खोडी काढण्यात विमान चालवणारे आणि विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारणारे यांचा हात कुणी धरणार नाही. विमान तर आपल्या ओळखीचं आहे. रात्री अंगणात बसलं की दिवे लुकलुकत डोक्यावरून जातं.

आधी विमानवाल्यांचं ऐका. छोट्या विमानाच्या नाकावर पंखा असतो. तो फिरला की मागे जोराचा वारा फेकतो. त्या वाऱ्याला इंग्रजीत 'प्रॉपवॉश' म्हणतात. ऐकायला वाटतं कसला तरी साबण असेल, धुवायचं पाणी असेल. म्हणून नव्या पोराच्या हातात बादली देतात आणि सांगतात, "जा, बादलीभर प्रॉपवॉश भरून आण." म्हणजे वाराच आण! दुसरी खोडी 'फ्लाइट लाइन'ची. विमानं ओळीने उभी करतात त्या जागेला फ्लाइट लाइन म्हणतात. लाइन म्हणजे दोरी असं समजणाऱ्या नवख्याला सांगतात, "स्टोअरमधून शंभर फूट फ्लाइट लाइन कापून आण." म्हणजे आपल्या पोरीचा डावा पाना विमानतळावरही आहे, फक्त त्याचं नाव तिथे वेगळं आहे.

मग येतो सगळ्यात मोठा दिवस. विमान शिकताना शेजारी गुरू बसलेला असतो. एक दिवस तो खाली उतरतो आणि म्हणतो, "जा, आता एकटी उडवून आण." त्याला पहिली 'सोलो' म्हणतात. शेजारची खुर्ची रिकामी, चूक झाली तर सावरायला कुणी नाही. धावपट्टीवरून उठायचं, एक फेरी मारायची आणि सुखरूप उतरायचं. उतरून विमानाबाहेर पाऊल टाकलं की सगळे वाट बघत उभे असतात, हातात पाण्याच्या बादल्या घेऊन. नखशिखांत भिजवतात. आपल्या देशातल्या विमान शाळांतही ही रीत आहे. अशा शाळा आपल्या राज्यात बारामतीला, गोंदियाला, धुळ्याला आहेत.

अमेरिकेत याच दिवशी शिकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा भाग कात्रीने कापतात. त्यामागची गोष्ट अशी सांगतात. जुन्या विमानांत शिकणारा पुढे बसायचा आणि गुरू मागे. इंजिनाचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नसे. मग गुरू शिष्याचा शर्ट मागून ओढून खुणावायचा. एकट्याने विमान उडवलं म्हणजे आता मागून शर्ट ओढायची गरज उरली नाही, म्हणून तो तुकडा कापायचा. त्यावर नाव आणि तारीख लिहून शाळेच्या भिंतीवर लावतात. नवा शर्ट फाटला तरी शिकणाऱ्याला त्याचा अभिमान असतो.

हे सगळं फक्त पुरुषांचं जग आहे असं समजू नका. १९३६ साली सरला ठकराल यांनी लाहोरला साडी नेसून एकटीने विमान उडवलं. तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं असं विमान नेलं, ज्यात काम करणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. आज आपल्या देशात शंभर वैमानिकांत सुमारे पंधरा बायका आहेत. जगाच्या सरासरीच्या हे तिप्पट आहे.

आता उडी मारणाऱ्यांचं बघू. यांना स्कायडायव्हर म्हणतात. विमान दहा हजार फुटांच्या वर जातं, म्हणजे तीन किलोमीटर. दार उघडतं आणि माणूस बाहेर झेप घेतो. पॅराशूट उघडेपर्यंत ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला शिकवणारा आपल्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून घेतो आणि दोघं एकाच पॅराशूटने उतरतात. वर जाताना नव्या माणसाची छाती धडधडत असते. तेव्हा शिकवणारा गंभीर चेहरा करून म्हणतो, "आज माझाही पहिलाच दिवस आहे." नाहीतर पट्ट्याचं टोक हातात धरून शेजाऱ्याला विचारतो, "हा कशाचा रे?" नव्याचं तोंड पांढरं पडतं, आणि मग सगळे हसतात, तोही हसतो. शंभरावी उडी झाली की जमिनीवर उतरताच तोंडावर क्रीमची थाळी थापतात. पहिल्यांदा काहीही केलं की बाकीच्यांना पार्टी द्यायची, हाही नियम आहे.

पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, १८ एप्रिल २००४ ला, उणे ३७ अंश थंडीत. २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नऊवारीत उडी म्हटलं की आपल्याला हसू येतं, गंमत वाटते. पण त्या नऊवारीवर पॅराशूटचे पट्टे, हेल्मेट, गॉगल सगळं जागच्या जागी होतं. गंमत साडीची होती, पट्ट्यांत काही गंमत नव्हती.

मैत्रिणींनो, आम्हाला जे समजलं ते इथेच. ज्यांच्या कामात जीव टांगणीला असतो तीच माणसं सगळ्यात जास्त थट्टा करतात, आणि थट्टा कुठे थांबवायची याचे कडक नियमही त्यांचेच. पट्टा हातात धरून विनोद करणारा शिकवणारा उडी मारण्याआधी तोच पट्टा पुन्हा तपासतो. दुसऱ्याच्या पॅराशूटला गमतीने कुणी हात लावत नाही. प्रत्येकाकडे एक मुख्य आणि एक राखीव अशी दोन पॅराशूट असतात, आणि त्यांची तपासणी करताना हसणं बंद.

विमानवाल्यांना हा धडा महागात मिळाला. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेतल्या शार्लट शहराजवळ एक विमान उतरताना कोसळलं आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. चौकशीत निघालं की उतरण्याच्या नाजूक वेळी दोघं वैमानिक कामाचं सोडून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते. १९८१ मध्ये तिथे नियम झाला. दहा हजार फुटांच्या खाली, म्हणजे चढताना आणि उतरताना, वैमानिकांनी कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. गप्पा आणि गंमत वर गेल्यावर किंवा खाली उतरल्यावर.

पण तिथेही सगळं चांगलंच आहे असं नाही. अमेरिकेच्या सैन्यात पॅराशूटच्या ठरलेल्या उड्या पूर्ण केल्या की छातीवर पंखांचा बिल्ला लावतात. मानाची गोष्ट. काही ठिकाणी जुन्या सैनिकांनी 'गंमत' म्हणून त्या बिल्ल्याच्या टोकदार पिना नव्यांच्या छातीत ठोसे मारून घुसवल्या. नवे विव्हळतायत आणि जुने हसतायत, असं चित्रीकरण १९९७ मध्ये टीव्हीवर दाखवलं गेलं आणि सगळा देश हादरला. पाण्याची बादली आणि ही पिन, दोन्हीला तिथले लोक 'रीत'च म्हणत होते. म्हणून नुसतं 'रीत आहे' म्हटल्याने काही सिद्ध होत नाही.

मग माणसं नव्याची थट्टा करतात तरी का? एक कारण भीती. नवं माणूस घाबरलेलं असतं आणि जुनंही कधी काळी घाबरलेलं होतं. एकदा हसू फुटलं की छातीवरचा दगड उतरतो. दुसरं कारण ओळख. फजिती झालेला माणूस पुढच्या फजितीच्या गोष्टीत सामील होतो, आणि मग तो आपला होतो. आपल्याकडेही हे आहेच. लग्नात करवल्या नवरदेवाच्या चपला लपवतात. बीड जिल्ह्यात विडा गावी तर धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात आणि नंतर त्याला नवे कपडे देऊन मान करतात.

आमच्या बैठकीत बोर्डीकडच्या एका मावशीने स्वतःची गोष्ट सांगितली. ती नवी नवरी म्हणून सासरी आली तेव्हा नणंदेने हातात वाटी दिली आणि म्हणाली, "वहिनी, शेजारच्या काकूंकडून पाण्याचं विरजण घेऊन ये." दुधाला विरजण लागतं, पाण्याला कुठून आलं? पण नव्या नवरीला उलटं विचारायचा धीर कुठला? ती गेली. काकूंनी तोंडावरची रेष न हलवता वाटीभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सांभाळून ने, हललं तर लागायचं नाही." मावशी जपून पावलं टाकत आली. घरात सगळ्या बायका हसून लोटपोट. पण मग सासूने जवळ बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "मला माझ्या सासूने चाळणीतून पाणी आणायला पाठवलं होतं." त्या दिवशी घरातल्या प्रत्येकीने आपली फजिती सांगितली. मावशी म्हणते, "माहेर सोडून चार दिवस झाले होते. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा."

पाण्याचं विरजण आणि डावा पाना, खोडी एकच आहे. मग एक नवरी घरात आली आणि एक पोरगी कामावरून गेली, असं का झालं? आम्ही बसून चार प्रश्न काढले. तुमच्या गटातही ते विचारून बघा.

पहिला प्रश्न, थट्टा किती वेळ चालली? मावशीची शेजारच्या दारापर्यंत चालली. पोरीला तीन दारं फिरवली आणि चौथं दार साहेबाचं. थट्टा आखूड असावी.

दुसरा, हे सगळ्यांच्या वाट्याला येतं की ठरावीकच माणसांच्या? सोलोनंतर वैमानिक कुणाचाही मुलगा असो, कुणाचीही मुलगी असो, भिजतोच. पण पाड्यावरच्या पोरीलाच पाठवायचं, तिची भाषा, रंग, जात, कपडे यांवरच हसायचं, तर ती थट्टा नव्हे. तो अपमान आहे.

तिसरा, यात कुणाच्या अंगाला, अब्रूला किंवा रोजीला धोका आहे का? पाण्याने भिजलेला माणूस वाळतो. साहेबाकडून बोलणी खाल्लेल्या पोरीची नोकरी जाऊ शकते.

चौथा आणि सगळ्यात मोठा, थट्टा संपल्यावर ते माणूस आत आलं की बाहेर राहिलं? शेवटी त्याच्याबरोबर कुणी चहा प्यायलं का? मावशीला चहा मिळाला. पोरीला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. बोईसर-तारापूर, उंबरगाव, वापी अशा ठिकाणी कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे घरी बसवून सांगा. कॉम्प्रेसरच्या हवेची गंमत कधीही करायची नाही आणि करू द्यायची नाही. गमतीने तो पाइप कुणाच्या अंगाशी, पार्श्वभागाशी लावला तर हवा आत जाऊन आतडी फाटतात. आपल्या देशात अशा 'गमती'त माणसं मेली आहेत. चालू मशीन, वीज, उंच शिडी, रसायन यांच्या जवळ कसलीही खोडी नको. विमानवाले दहा हजार फुटांच्या खाली गप्प बसतात, तर आपण मशीनजवळ गप्प बसू शकतो.

आणि कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. शाळा, कॉलेज, वसतिगृह सगळीकडे तो लागू आहे. त्यात रॅगिंगची व्याख्या करताना विद्यार्थ्याला चिडवणं, धमकावणं यांच्याबरोबर त्याची थट्टामस्करी करणंही धरलं आहे. त्रास, भीती, लाज वाटेल असं वागवलं तर 'आम्ही फक्त मजा केली' हे उत्तर चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. कॉलेजातल्या मुलांसाठी रात्रंदिवस चालणारा फुकट फोन आहे, नंबर लिहून घ्या: १८००-१८०-५५२२.

कामाच्या जागी थट्टेच्या नावाखाली अचकट विचकट बोलणं, अंगचटीला येणं, घाणेरडे फोटो दाखवणं चालत असेल तर त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार लेखी द्यायची असते आणि तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. जातीचं नाव घेऊन चारचौघांत अपमान केला तर दलित-आदिवासींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. वकिलाचा सल्ला फुकट हवा असेल तर विधी सेवेचा नंबर आहे १५१००.

हे सांगायचं कारण आहे. २०१९ मध्ये मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप असलेला तो खटला कोर्टात आहे. निकाल कोर्ट देईल. पण घरातली मुलगी गप्प झाली, "पोटात दुखतंय" म्हणाली, कामाला किंवा कॉलेजला जायचं टाळायला लागली, तर आपण विचारलं पाहिजे. रागावून नको. भाकरी थापता थापता विचारा, "तिथे कुणी काही म्हणालं का ग?" आणि ती बोलली की "एवढ्याने काय होतं" असं लगेच म्हणू नका. आमच्या गटातल्या त्या ताईला आजही वाटतं की महिना फुकट गेला.

आता त्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. ती आता डहाणूच्या एका फुग्याच्या कारखान्यात जाते. आपलं डहाणू रबरी फुग्यांसाठी ओळखलं जातं हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे ती जुनी झाली आहे. मागच्या महिन्यात एका पाड्यावरून नवी मुलगी आली, घाबरलेली, मान खाली. आपल्या पोरीने गंभीर चेहरा केला आणि म्हणाली, "निळ्या फुग्यात निळी हवा भरायची आहे. स्टोअरमधून पिशवीभर निळी हवा घेऊन ये."

नवी मुलगी पिशवी घेऊन निघाली. दहा पावलं गेली असेल, तोच आपली पोरगी मागून धावत गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "अगं, हवेला रंग असतो होय? मला तर एकदा डावा पाना आणायला पाठवलं होतं." दोघी तिथेच हसत उभ्या राहिल्या. मग जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यात जेवल्या.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपली एक फजिती सांगा. आणि नव्या आलेल्या बाईला सगळ्यात शेवटी विचारा, म्हणजे तोवर तिचाही धीर झालेला असेल. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.